खडा असली असेल तर बिलावर तसं लिहा : विदर्भातल्या सराफांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांच्या सराफा असोसिएशनचे पदाधिकारी आणि सभासद,
तसंच त्यांच्या दुकानांकडे गिऱ्हाईक पाठवणारी ज्योतिषी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकते, पहिल्या वेचणीचा कापूस जिनिंगवर जातो, सोयाबीनचा चुकारा हातात येतो आणि आपल्या दुकानांच्या पायऱ्या पुन्हा झिजायला लागतात. त्यातलं निम्मं गिऱ्हाईक लग्नाच्या सोन्याचं. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात एक चिठोरं असतं : 'पुष्कराज, सव्वापाच रत्ती, सोन्यात, तर्जनीत, गुरुवारी सकाळी.' कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाला साडेसाती लागली आहे, कुणाची विहीर तिसऱ्यांदा कोरडी गेली आहे. हे पत्र त्या चिठोऱ्यावरच्या खड्याबद्दल आहे.

सोन्याच्या बाबतीत हेच गिऱ्हाईक आता चांगलं हुशार झालंय. दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, आहे का, हे भिंगातून बघतं, नातवाला मोबाइलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून बघायला लावतं. मजुरी किती, घट किती, यावर अर्धा तास घासाघीस करतं. आणि त्याच अंगठीत बसवलेल्या, सोन्याहून महाग पडलेल्या खड्याबद्दल एकच प्रश्न विचारतं, 'असली आहे ना?' आपण म्हणतो, 'एकदम असली.' व्यवहार संपला. त्यातून कित्येकांचा असा समज असतो की हॉलमार्क म्हणजे अख्ख्या अंगठीचा, खड्यासकट. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो. खड्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं मी तरी आजवर वाचलेलं नाही.

मी जडाईच्या घरातला. मुंबईला रत्नशास्त्राचा अभ्यासक्रम केला आणि तालुक्याला परत येऊन बसलो. एका बाकावर जडाई, दुसऱ्या बाकावर खडे तपासायची यंत्रं. तुमच्यातल्या अनेकांचं काम माझ्या हाताखालून जातं, त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका.

पहिली अडचण 'असली' आणि 'नकली' या दोनच टोपल्यांची आहे. बाजारात टोपल्या निदान पाच आहेत. जमिनीतून निघाला, पैलू पाडले, बस्स, याखेरीज काही केलं नाही, असा खडा. जमिनीतूनच निघालेला, पण भट्टीत तापवलेला, तेल पाजलेला, काच भरलेला किंवा रंगवलेला. कारखान्यात बनवलेला, पण रासायनिक घडण तंतोतंत तीच असलेला. नैसर्गिकच, पण भलताच खडा : पुष्कराज म्हणून सुनेला, म्हणजे पिवळा क्वार्ट्झ, नीलम म्हणून काकानिली नावाचा दुसराच निळसर खडा, लसण्या म्हणून मांजरडोळ्याचा साधा क्वार्ट्झ. आणि शेवटी सरळ काच. 'असली' हा एक शब्द यातल्या पहिल्या दोन टोपल्यांवर सर्रास पांघरला जातो, आणि चौथ्या टोपलीवरही, कारण सुनेलाही 'नैसर्गिक' असतोच. पहिल्या आणि दुसऱ्या टोपलीतल्या भावाचा फरक कधी दुप्पट असतो, कधी पन्नासपट. काच भरलेला माणिक आणि तेवढाच, तसाच दिसणारा न तापवलेला माणिक यांच्या किमती एका वहीतसुद्धा शेजारी लिहवत नाहीत.

मागच्या हंगामात एक नवरा-बायको आले. यात्रेत बसलेल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून नीलम घेतलेला, चांदीत जडवलेला. काकांनी अंगठी काढून बाकावर ठेवली.

"भाऊ, पाहा बरं हा असली हाय का."

"घेताना काही तपासलं होतं का, काका?"

"तं काय! त्यानं माह्या डोळ्यासमोर दुधात टाकला. दूध निळं दिसे. अन् हे कार्ड बी देलं."

काकू मधेच म्हणाल्या, "म्या म्हटलं व्हतं, चुकारा आला का आधी दुकानदाराची उधारी द्या. पण याईले शनीचीच घाई."

कार्ड प्लॅस्टिकमध्ये दाबलेलं, त्यावर सोनेरी शिक्का, 'नॅचरल ब्लू सफायर', आणि खाली ज्या प्रयोगशाळेचं नाव होतं तिचा पत्ता कुठेच नाही. कार्डावरचं वजन एक, माझ्या काट्यावर दुसरं. खडा कोंदणातून काढला, काचेच्या वाटीत पाणी घेतलं, खाली पांढरा कागद, त्याखाली दिवा, आणि खडा पाण्यात बुडवला. पाण्यात बुडवल्यावर पैलूंची चमक मरते आणि आतला रंग कसा पसरलाय ते दिसतं. जमिनीत वाढलेल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ असतात, कोनात वळतात, षटकोनाच्या बाजूंना धरून चालतात, कारण स्फटिक थराथराने तसाच वाढतो. या खड्यात ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारख्या बारीक वक्र रेघा होत्या, एकीखाली एक. भिंगातून बघितलं तर मधे दोन गोल बुडबुडे. पुढे काही तपासायची गरजच उरली नाही. काकांना मी भिंग दिलं आणि स्वतःच बघायला लावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मंग हे काच हाय?" काच नव्हती, हीच तर गंमत. तो अगदी खरा कोरंडम होता, माणिक, नीलम आणि पुष्कराज ज्याचे असतात तोच पदार्थ, फक्त भट्टीत वाढवलेला.

ही पद्धत काही कालपरवाची नाही. फ्रान्सच्या ऑग्यूस्त व्हर्नई या रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ती जाहीर केली. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पाडायची, ती वितळून खालच्या दांडीवर थेंबाथेंबाने साठते आणि थोड्या तासांत बोटाएवढा स्फटिक तयार होतो. त्या स्फटिकाचं तोंड वरून गोलसर असतं, म्हणून रेघा वक्र. क्रोमियम घातलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम घातलं की नीलम. म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळातल्या अंगठीतही हा खडा असू शकतो. 'आमचा खडा जुना आहे, म्हणजे असलीच' हे बोलणं सोडून द्या.

आता दुधाबद्दल. निळा पारदर्शक खडा पांढऱ्या दुधात टाकला आणि वरून उजेड पडला की भोवती निळी झाक दिसणारच. काचेचाही टाका, दिसेल. गालाला गार लागतो, वाफ लवकर उडते, काच ओरबाडतो, केस गुंडाळून काडी लावली तर केस जळत नाही, उशीखाली ठेवला की स्वप्न पडतं : यातल्या शेवटच्या परीक्षेबद्दल मी काही बोलत नाही, पण बाकीच्या सगळ्यांत कारखान्यातला कोरंडम झोकात पास होतो. होणारच. कठीणपणा तोच, ९. घनता तीच, ४ च्या जवळ. प्रकाश वाकवण्याचा आकडा तोच, १.७६ ते १.७७. आपल्या दुकानात गिऱ्हाइकासमोर ही नाटकं करणारे काही सभासद आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. असोसिएशनने आधी ती बंद करवावीत.

याचा अर्थ तालुक्यात काहीच तपासता येत नाही असा नाही. भलताच पदार्थ खपवला असेल तर तो पकडणं मुळीच कठीण नाही. साधा प्रयोग सांगतो, शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजचा. चार कॅरेटचा सुटा पुष्कराज दोऱ्याला बांधून पाण्यात तोला. खरोखर कोरंडम असेल तर काटा तीनवर येईल, कारण पाण्यात त्याचं पाव वजन कमी होतं. सुनेला असेल तर अडीचवर येईल. टोपाझ या दोघांच्या मधे. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो ते मोजणारं यंत्र, असेल तर हे काम अर्ध्या मिनिटाचं, खडा काढायचीही गरज नाही, अंगठीतल्या खड्याचा वरचा सपाट पैलू टेकवला की झालं : कोरंडम १.७६, टोपाझ १.६१ च्या पुढे, सुनेला १.५४. लसण्या बाजूने धरून भिंगातून बघा. तंतूंच्या काचेचा असेल तर कडेला मधमाश्यांच्या पोळ्याची जाळी दिसते. पोवळ्यावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा, रंगवलेलं असेल तर बऱ्याचदा बोळा लाल होतो. ही सगळी यंत्रं मिळून एका बऱ्या मोटारसायकलीच्या किमतीच्या आत बसतात, आणि असोसिएशनने एक संच घेतला तर सगळ्या तालुक्याला पुरेल.

मोत्याचं मात्र वेगळं. मोती नैसर्गिक की संवर्धित, हे पोटात बघितल्याशिवाय कळत नाही, त्याला क्ष-किरण लागतात. आणि आज दुकानात येणारे जवळजवळ सगळे मोती शेतीचेच असतात, तेव्हा तिथे 'संवर्धित' असं सरळ लिहिण्यात लाज कसली?

खरी अवघड जागा पुढे आहे. खडा नैसर्गिक आहे, हे मी माझ्या बाकावर बऱ्याच वेळा सांगू शकतो. त्यावर काहीच प्रक्रिया झालेली नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि तुमच्यातलाही कुणी सांगू शकत नाही. तरीही 'बिना गरम केलेला, ओरिजिनल' हे शब्द आपल्या काउंटरवर दिवसातून कितीदा उच्चारले जातात बघा.

खडा तापवणं हे पाप नाही. माणसाने हे फार पूर्वीपासून केलेलं आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला उत्खननात कार्नेलियनचे लाल मणी सापडले आहेत. गारगोटीच्या जातीचा भुरकट-पिवळा दगड तापवून लाल करायची कला खंबातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचा दुधट, बिनरंगी कोरंडम टाकाऊ म्हणून पडून असायचा. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी तो भट्टीत घालून निळा करून दाखवला आणि नीलमाचा बाजारच बदलला. आज जगात विकल्या जाणाऱ्या माणिक-नीलम-पुष्कराजांपैकी बहुतेक तापवलेले असतात. सोळाशे ते अठराशे अंशांपर्यंत तापमान नेलं की आतल्या रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया विरघळतात, खडा स्वच्छ होतो, रंग उघडतो आणि तो रंग टिकतो. तापवलेला म्हणून विका, भाव योग्य लावा, कुणाचं काही म्हणणं नाही. तापवलेला देऊन न तापवलेल्याचा भाव घेणं, याला आपल्या भागात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

भिंगाला आणि सूक्ष्मदर्शकाला तापवल्याच्या खुणा कधी दिसतात, कधी नाही. सुया अर्धवट तुटून ठिपक्यांच्या रांगा झालेल्या असतात, किंवा आतला एखादा बारीक स्फटिक फुगून त्याच्याभोवती चकतीसारखी चीर पडलेली असते. सुया अखंड, रेशमी आणि टोकदार दिसल्या तर खडा तीव्र तापवलेला नसावा, एवढा अंदाज करता येतो. पण बेरिलियम घालून तापवलेल्या पिवळ्या-केशरी कोरंडमापुढे ही सगळी विद्या संपते. हा प्रकार २००१-०२ च्या सुमारास बाजारात उतरला. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य की ते आत पार खोलवर शिरतं, आणि फिकट खडा झगझगीत पिवळा होतो. ते पकडायला लेझरने खड्याचा कणभर भाग उडवून त्याचं रासायनिक पृथक्करण करणारं यंत्र लागतं. ते मोठ्या प्रयोगशाळांतच असतं. आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारा खडा पुष्कराज, आणि सर्वांत फसवी प्रक्रियाही नेमकी पुष्कराजावर. म्हणून स्वस्त, मोठा, लिंबासारखा झगझगीत पुष्कराज कुणी 'अनट्रीटेड' म्हणून देऊ लागला तर गिऱ्हाइकाआधी तुम्हीच सावध व्हा. तुम्हालाही वरच्या व्यापाऱ्याने तोंडीच सांगितलेलं असतं.

'सिलोनी' आणि 'बँकॉकचा' या शब्दांचंही तेच. सिलोनी म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं हा शुद्ध. श्रीलंकेतला खडाही बहुतेक वेळा तापवलेलाच असतो. उगम कुठला, हे प्रयोगशाळेने अहवालात लिहिलं असेल तर बोला, नाही तर तो फक्त भाव चढवायचा शब्द.

आता आपल्या स्वतःच्या नुकसानीची गोष्ट, कारण दुसऱ्याच्या नुकसानीपेक्षा ती लवकर पटते. २००४ च्या सुमारास शिशाची काच भरलेला माणिक बाजारात आला. मुळात भेगांनी भरलेला, जवळजवळ अपारदर्शक कोरंडम घ्यायचा, तेजाबात धुवायचा आणि शिशाच्या काचेसोबत तापवायचा. काच भेगांत शिरते, भेगा दिसेनाशा होतात आणि हातावर ठेवावा असा लाल, स्वच्छ माणिक तयार. वजनात काचेचाही भाग. भिंगाखाली फिरवून बघितला तर भेगेतून निळी-जांभळी ठिणगी चमकते आणि चपटे बुडबुडे दिसतात. एवढं बघायला दहापटीचं भिंग पुरतं. पण कारागीर बघत नाही. गिऱ्हाईक अंगठी सैल करायला आणतं, कारागीर खडा न काढता झाळतो, गॅसच्या बत्तीचा ताव लागतो, मग तेजाबात टाकतो, आणि बाहेर येतो तो पांढुरक्या जाळीने भरलेला दगड. काच उकलून गेलेली असते. लिंबाच्या रसानेही ती हळूहळू खाल्ली जाते. मग दुकानात उभा राहतो तमाशा : "तू माणिक बदलला." कारागिराने खडा बदललेला नसतो, पण त्याला ते सिद्ध करता येत नाही, आणि दुकानदार भरपाई देऊन तोंड मिटतो. ज्याने तो माणिक 'ओरिजिनल' म्हणून विकला तो वेगळ्याच गावात वेगळ्याच दुकानात निवांत बसलेला असतो. मूळ बिलावर 'काच भरलेला' एवढे दोन शब्द असते तर?

आणि चांगला न तापवलेला माणिकसुद्धा टाकणखार लावून झाळाखाली धरू नका. गरम टाकणखार कोरंडमाची चकाकी खातो. हे मी कारागिरांना सांगतो, मालकांना पुन्हा एकदा इथे सांगून ठेवतो.

पाचूवर तर तेल हवंच. पाचूत जन्मजात भेगा असतात आणि त्यात देवदाराचं तेल किंवा राळ भरायची जगभर रीत आहे. किती भरलंय, थोडं की भरपूर, यावर भाव ठरतो. पण आपल्याकडच्या मे महिन्यात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हात, शेतात राबणाऱ्या हातावर तो पाचू असतो. तेल सुकतं, भेगा वर येतात, आणि माणूस घाबरून येतो की खडा तडकला, काही अपशकुन तर नाही? कुणी तरी त्याला शांतिकर्मही सांगून ठेवलेलं असतं. विकताना 'यात तेल आहे, उन्हाला आणि अल्ट्रासॉनिक मशीनला जपा, पुढे पुन्हा तेल द्यावं लागेल' एवढं सांगितलं असतं तर त्या शांतीचा खर्च वाचला असता.

ज्योतिषी मंडळी, तुमच्याशी दोन शब्द. ग्रहांचा आणि खड्यांचा संबंध आहे की नाही, हा वाद या पत्रात मी काढत नाही, माझं मत तुम्हाला चेहऱ्यावरून कळत असेलच. पण तुम्हीच सांगता ना की खडा नैसर्गिक आणि निर्दोष हवा, नाही तर फळ नाही? मग तुमच्याच अटीने चिठ्ठीवर दुकानाचं नाव लिहिण्याआधी त्या दुकानात खडा तपासून मिळतो का, हे बघायला नको? खड्याच्या किमतीतला वाटा परत येतो तो कुणाच्या नशिबाचा भाग म्हणायचा? आणि खडा घातल्याने साखर उतरेल, मूल होईल, झटके थांबतील, असं छापून वाटत असाल तर औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. त्यात ताईत, मंत्र, कवच सगळं येतं.

आता प्रमाणपत्रांबद्दल, कारण हल्ली 'सर्टिफिकेट आहे' म्हटलं की बोलणं खुंटतं. कागद कुणी दिला, हे आधी बघायचं. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जयपूरची १९७२ पासूनची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी (आता आयआयजीजे-आरएलसी), जीआयए या अमेरिकी संस्थेची मुंबईतली प्रयोगशाळा, अशी ठिकाणं खडे विकत नाहीत, फक्त तपासतात. ज्याच्या दुकानातून खडा घेतला त्याच्याच भावाच्या 'लॅब'चं कार्ड हे प्रमाणपत्र नव्हे. अहवालावर क्रमांक असतो, तो प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो, तो तिथेच बघा, कार्डावरच्या क्यूआरने नेलेल्या पानावर विसंबू नका. मग वजन आणि मापं ताडून बघा. वजन कॅरेटच्या दुसऱ्या दशांशापर्यंत जुळायला हवं. खरा अहवाल आणि दुसराच खडा, ही चलाखी नेहमीची आहे.

आणि सर्वांत महत्त्वाची ओळ सहसा तळाला, बारीक अक्षरात असते : टिप्पणी. वर ठळक 'नॅचरल' छापलेलं असतं, आणि खाली लिहिलेलं असतं की तापवल्याच्या खुणा आहेत, किंवा भेगांत काच भरलेली आहे. 'नॅचरल' म्हणजे जमिनीतून निघालेला, एवढंच. न तापवलेल्या खड्याच्या अहवालातही प्रयोगशाळा 'तापवल्याच्या खुणा आढळल्या नाहीत' असं जपून लिहिते. ज्यांच्याकडे कोट्यवधींची यंत्रं आहेत ते लोक एवढं तोलून बोलतात, आणि आपण सुपारी कातरता कातरता छातीवर हात ठेवून सांगतो! काही स्वस्त कार्डांवर तर प्रक्रियेबद्दल एक अक्षरही नसतं, म्हणजे ती तपासलेलीच नसते. भाव आणि फळ या दोन गोष्टी कुठलाच अहवाल सांगत नाही.

तर माझं मागणं असं. खड्याचं बिल सोन्याच्या बिलाइतकंच स्पष्ट लिहा. खडा कोणता, नैसर्गिक की कारखान्यातला, प्रक्रिया कोणती झाली आहे ते लिहा, आणि प्रक्रिया तपासलेली नसेल तर 'तपासलेली नाही' असं लिहा. या शेवटच्या दोन शब्दांनी कुणाची अब्रू जात नाही. वजन कॅरेटमध्ये लिहा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, देशभर एकच. रत्ती मात्र दुकानागणिक बदलते : गुंजेची जुनी, कच्ची रत्ती ०.१२ ग्रॅमची, बाजारातली पक्की रत्ती ०.१८ ग्रॅमच्या आसपास. सहा रत्ती म्हणजे एका ठिकाणी ३.६ कॅरेट आणि दुसऱ्या ठिकाणी ५.४. भाव पक्क्या रत्तीचा सांगून माल कच्च्या रत्तीने तोलला तर तिसरा हिस्सा तिथेच गेला. वैधमापन कायदा २००९ नुसार रत्तीत विक्री करणं असंही बसत नाही. ज्योतिषांनी रत्तीत सांगितलं तर तुम्ही कॅरेट करून द्या, गणित काही मोठं नाही. अंगठीच्या बिलात खड्याचं वजन सोन्याच्या भावात धरलं जाण्याचा प्रकारही अजून पूर्ण थांबलेला नाही. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं दाखवावंच लागतं.

आणखी एक सोपी गोष्ट. जीएसटीच्या एचएसएन यादीत, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या यादीत, नैसर्गिक रत्नांचा आकडा ७१०३ आहे, कारखान्यात बनवलेल्यांचा ७१०४, आणि काचेच्या नकली खड्यांचा ७०१८. खरेदीच्या बिलावर तुमच्याकडे यातला कुठला तरी आकडा आलेलाच असतो. वर्षाला पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या दुकानदाराला किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलावर तो टाकायची सक्ती नाही. पण टाकायला मनाई कुणी केली आहे? ७१०४ ने घेतलेला माल तोंडाने 'ओरिजिनल' म्हणून विकायचा असेल तर मात्र तो आकडा अडचणीचा ठरेल, हे मान्य.

'एवढं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल' असं तुमच्यातले काही म्हणतील. काही पळेलही. ते यात्रेतल्या सतरंजीवर जाईल. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नीट वाचून घ्या. बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि गिऱ्हाईक स्वतः राहतं त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतं. म्हणजे जयपूरहून ऑनलाइन मागवलेल्या खड्याची तक्रार यवतमाळात बसून करता येते, तर मग तुमच्या दुकानाची का नाही? १९१५ हा हेल्पलाइनचा आकडा आता गावागावात पोचतो आहे. सोन्यात हॉलमार्क आला तेव्हाही 'धंदा बसेल' म्हणून ओरड झालीच होती. बसला का?

अडचण एकच खरी आहे, ती मी नाकारत नाही. दोन-तीन हजारांच्या गोमेदासाठी खडा मुंबईला पाठवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून माझी सूचना अशी की लहान किमतीच्या खड्यांसाठी तालुक्याच्या बाकावर पदार्थ आणि नैसर्गिकपणा तपासायचा आणि बिलावर प्रक्रियेपुढे 'तपासलेली नाही' लिहायचं. किंमत मोठी असेल, किंवा 'न तापवलेला' म्हणून जादा भाव घ्यायचा असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल सक्तीचा, आणि अहवाल उलटा आला तर पैसे परत, हेही त्याच बिलावर. किंमत मोठी म्हणजे नेमकी किती, हे असोसिएशनने बसून ठरवावं. कोंदण खालून उघडं ठेवा. फळासाठी खडा कातडीला टेकला पाहिजे म्हणून बहुतेक जण तसं मागतातच, आणि तपासणाऱ्यालाही ते बरं पडतं. मागून पत्रा लावून बंद केलेला खडा म्हणजे काही तरी झाकायचं आहे, अशी शंका मला तरी येते.

एका काळी याच विदर्भात, गडचिरोलीच्या वैरागडला, हिऱ्यांच्या खाणी होत्या. अकबराच्या दरबारच्या नोंदींतही त्यांचा उल्लेख आहे. भंडाऱ्यात आजही कायनाइट आणि सिलिमनाइट निघतं. दगडांची पारख हे आपल्याला परकं काम नाही, अधेमधे कुठे तरी आपण ते जयपूरच्या दलालावर आणि दुधाच्या वाटीवर सोडून दिलं.

येत्या गुरुपुष्यामृताआधी आपापल्या असोसिएशनच्या बैठकीत खड्याच्या बिलाचा मसुदा विषयपत्रिकेवर घ्या. माझ्या तालुक्याच्या बैठकीला मी रिफ्रॅक्टोमीटर, पोलॅरिस्कोप, काटा आणि तपासून ठेवलेले नमुने घेऊन येतो : एक तापवलेला, एक काच भरलेला, एक व्हर्नई पद्धतीचा, एक सुनेला. प्रत्येक सभासदाने आपल्या पेटीतला एक 'एकदम असली' सोबत आणावा. कुणाचा काय निघाला, हे मी बाहेर बोलणार नाही. पण बिलाचा नमुना त्याच दिवशी मंजूर झाला पाहिजे.

आपला,
तालुक्यातला एक जडाई कारागीर